ग्रंथालय बांधणे आणि ग्रंथालय चालविणे

(शहागड येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात कार्यकारी मंडळाच्या वतीने झालेले भाषण)



संमेलनात स्वागताचे भाषण करणे सुखाचे असते आणि आभाराचे भाषण करणे सोपे असते. आमच्या वाट्यास आलेले काम या दोहोंहून निराळे आहे. ते पैसे मागण्याचे आहे. शहागड येथे सार्वजनिक ग्रंथालयाची नवी वास्तू उभारावी आणि तिच्यासाठी आपल्या समाजाने निधी जमवावा, असा ठराव आज सायंकाळी आपणांपुढे यावयाचा आहे. त्या ठरावामागील विचार सांगण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. मागणाऱ्याने प्रथम आपली झोळी उलटी करून दाखवावी, असा शिष्टाचार आहे. म्हणून ग्रंथालयाची थोरवी सांगण्याआधी आमची स्वतःची एक चूक आपणांपुढे ठेवतो.

ज्येष्ठ मंडळींच्या स्मरणात असेल, काही वर्षांपूर्वी याच गावी आपण एका दिवाळीत घरोघर फिरून वर्गणी जमविली होती. त्या पैशांतून एक लाकडी कपाट व पुस्तके घेतली. उद्घाटनाच्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, छायाचित्रे निघाली. कपाट एका बांधवाच्या ओसरीवर ठेवले आणि किल्ली त्यांच्याच घरी राहिली. ते गृहस्थ सज्जन होते. परंतु शेती, लग्नकार्ये, दुखणीबाणी यांतून पुस्तके देण्याघेण्यास त्यांना सवड कोठून व्हावी? पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी नवी पुस्तके आली नाहीत, कारण वर्गणी मागावयास कोणी गेले नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर कपाट उघडले, तेव्हा खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके वाळवीने पोखरली होती.

इतकेच असते, तरी हयगय म्हणून सोडून देता आले असते. परंतु त्याच सुमारास घडलेला एक प्रसंग आमच्या मनातून आजवर गेलेला नाही. शेजारच्या आळीतील एक शाळकरी मुलगी पुस्तक मागावयास आली. ती आपल्या ज्ञातीची नव्हती. तिला उत्तर मिळाले, "बाळ, ही पुस्तके आमच्या समाजाची आहेत." मुलगी काही न बोलता परत गेली. ते उत्तर देणारे दुसरे कोणी नव्हते, आम्हीच होतो. आमच्या समाजाची म्हणून राखून ठेवलेली ती पुस्तके पुढे समाजानेही वाचली नाहीत, वाळवीने वाचली.

या एका गोष्टीत आमच्या आजच्या भाषणाचे दोन्ही मुद्दे आले. ग्रंथालय उभारणे आणि ग्रंथालय चालविणे ही दोन भिन्न कामे आहेत, आणि पहिल्यासाठी पैसे जमवून दुसऱ्याचा विसर पडला तर पहिलेही फुकट जाते, हा एक मुद्दा. ज्या ग्रंथालयाचे दार सर्वांस उघडे नाही, ते स्वकीयांसही उपयोगी पडत नाही, हा दुसरा.

आता हे गाव व हा प्रदेश यांचा थोडा विचार करू. शहागड गोदावरीच्या उत्तर तीरावर वसले आहे. पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. नदीच्या वरच्या अंगास नाथमहाराजांचे पैठण आहे. आपल्याच जालना जिल्ह्यात समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब आहे. धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता गावावरून जातो. त्या रस्त्यावरून मालमोटारी रात्रंदिवस धावतात, परंतु त्याचे दुसरे टोक जे धुळे, तेथे आपल्या जिल्ह्याचा एक मोठा ठेवा जपून ठेवला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. समर्थसंप्रदायाची जुनी बाडे मठामठांतून कसर व वाळवी यांच्या भक्ष्यस्थानी पडत असता, धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी ती शोधून गोळा केली. १८९३ साली स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या आश्रयाने हे कार्य झाले आणि तो संग्रह धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात सुरक्षित आहे. समर्थ जन्मले आपल्याकडे. त्यांच्या परंपरेची हस्तलिखिते सांभाळली खानदेशाने. यात खेद मानण्याचे कारण नाही, परंतु बोध घेण्याचे खचित आहे. पुस्तके जेथे लिहिली जातात तेथेच ती टिकतात असे नाही. त्यांना सांभाळणारी माणसे व निवारा जेथे मिळतो, तेथे ती टिकतात.

मराठवाड्यात वाचनालय काढणे ही गोष्ट एके काळी सोपी नव्हती. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दू. १९१८ साली हैदराबादेस निघालेले उस्मानिया विद्यापीठ त्याच भाषेत शिकवीत असे. खासगी शाळा काढण्यास सरकारी परवानगी लागे आणि जाहीर सभेवर गस्ती निशाण ५३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हुकमाचे निर्बंध होते. अशा काळी चार माणसांनी एकत्र बसून वर्तमानपत्र वाचावे आणि मराठी पुस्तकाची देवघेव करावी, याला मोठा अर्थ होता. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे आहे. पुढे निजामी राजवटीतच, १९४३ साली, आज मराठवाडा साहित्य परिषद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची स्थापना झाली. ज्या पिढीला सभेची मोकळीक नव्हती, तिने वाचनालये चालविली. आपणांस सर्व मोकळीक असता आपले कपाट वाळवीने खावे, ही तुलना आम्हांस बोचते.

उर्वरित महाराष्ट्रात तर ही परंपरा याहून जुनी आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १ जून १८९३ रोजी झाली. संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे त्या वेळी केवळ एकवीस वर्षांचे होते. पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे ते हेच. प्रत्येक मराठी पुस्तक एका ठिकाणी मिळावे, अशी त्या तरुणांची जिद्द होती. या संस्थांचा आरंभ लहान होता, पण त्या शंभराहून अधिक वर्षे जगल्या. का जगल्या? पहिल्या दिवशी मोठी देणगी मिळाली म्हणून नव्हे. प्रत्येक पिढीत वर्गणी भरणारे सभासद, हिशेब ठेवणारे चिटणीस आणि वेळेवर दार उघडणारा माणूस त्यांना मिळत गेला, म्हणून.

या बाबतीत दोन दाखले आम्हांस फार मोलाचे वाटतात. एक जवळचा, एक दूरचा.

जवळचा दाखला बडोद्याचा. सयाजीराव महाराज गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घराण्यातले. १८७५ साली दत्तक जाईपर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती. बाराव्या वर्षी मुळाक्षरे गिरविणाऱ्या या राजाने १९०६ साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शिकलेली मुले शाळा सोडल्यावर वाचण्यास काही नसल्याने पुन्हा निरक्षर होतात, हे ध्यानी आल्यावर त्यांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ आणविले आणि गावोगाव मोफत वाचनालयांचे जाळे विणले. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत. इमारतीच्या खर्चासाठी महाराजांनी घातलेली अट मात्र विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. एक तृतीयांश गावाने उभे करावे, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने द्यावे, मग उरलेला तिसरा हिस्सा सरकार देईल. राजाच्या तिजोरीत पैसा नव्हता, म्हणून ही अट नव्हती. फुकट मिळालेल्या वास्तूवर गावाचा जीव जडत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

दूरचा दाखला अँड्र्यू कार्नेगी यांचा. स्कॉटलंडमधील एका विणकराचा हा मुलगा. अमेरिकेत गेल्यावर लहानपणीच गिरणीत कामास लागला. त्या गावी कर्नल अँडरसन नावाचे एक गृहस्थ आपली सुमारे चारशे पुस्तके कामकरी मुलांना दर शनिवारी वाचावयास देत. त्या उपकाराचे स्मरण ठेवून, पोलादाच्या धंद्यात अपार धन मिळविल्यावर, कार्नेगींच्या देणगीतून जगभर २,५०९ ग्रंथालये उभी राहिली. त्यांची अट ऐका. जागा गावाने द्यावी, आणि जितकी देणगी इमारतीस मिळेल तिचा दहावा हिस्सा गावाने दर वर्षी ग्रंथालय चालविण्यास खर्चावा. इमारतीस एक लाख, तर चालविण्यास दर साल दहा हजार. तो वचननामा लिहून दिल्यावाचून पैसे मिळत नसत. एवढा धनाढ्य पुरुष, परंतु ग्रंथालय भिंतींनी जगत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. आम्हांला ते ठाऊक नव्हते, म्हणून आमचे कपाट बुडाले.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो. तो नाजूक आहे, पण तो टाळून पैसे मागणे अप्रामाणिक ठरेल. गेल्या काही महिन्यांत घरोघरी बोलताना अनेकांनी आम्हांस विचारले, "आपल्याच समाजाची कितीतरी मुले फीविना अडतात. आपला पैसा आपल्या वसतिगृहास, आपल्या सभागृहास द्यावा. साऱ्या गावाच्या वाचनालयाचा भार आपण का उचलावा?" हा प्रश्न क्षुद्र बुद्धीचा नाही. विचारणाऱ्यांपैकी काहींनी स्वतः कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला आहे आणि समाजाच्या शिष्यवृत्तीवर पदवी मिळविली आहे. ज्ञातिसंस्थांनी मोठे कार्य केले आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांस आश्रय दिला. मागे पडलेल्यांस वर चढण्यासाठी ती शिडी होती.

परंतु शिडी आणि घर यांत भेद आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास राजर्षींच्याच नावाने बोर्डिंग काढले. त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवली, एका छपराखाली शिकली. महात्मा जोतिराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुला केला. हौद त्यांच्या खासगी मालकीचा होता. तो कोणासाठी राखून ठेवण्याचा त्यांना अधिकारही होता. त्यांनी तो राखला नाही. वसतिगृहातील खाटा मोजक्या असतात. एकास दिली तर दुसऱ्यास मिळत नाही. म्हणून तेथे आधी कोणास, हा विचार क्षम्य आहे. पुस्तकाचे तसे नाही. शेजारच्या मुलीने वाचल्याने ते आपल्या मुलीस कमी पडत नाही. उलट, शंभर वाचक असलेल्या ग्रंथालयास नवी पुस्तके येतात, दहा वाचकांच्या कपाटास वाळवी येते.

यात व्यवहाराचाही भाग आहे. शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय सर्वांस खुले असावे लागते. विशिष्ट जातीच्या वा पंथाच्याच हितासाठी असलेल्या संस्थेस दिलेल्या देणगीवर देणगीदारास प्राप्तिकराची सवलतही सामान्यतः मिळत नाही. तेव्हा उदारपणा बाजूस ठेवून केवळ हिशेब पाहिला, तरी दार उघडे ठेवणेच फायद्याचे आहे. वसतिगृह व शिष्यवृत्ती यांचे निधी जसेच्या तसे राहतील. त्यांतील एक पैही या कामाकडे वळविली जाणार नाही. हा निधी स्वतंत्र असेल. आणि वास्तूवर नाव असेल ते शहागड गावाचे. आपल्या ज्ञातीचे नसेल. आपण निधी जमवितो ही आपली सेवा, मालकी गावाची.

आणखी दोन शंकांचे निरसन थोडक्यात करतो. कोणी म्हणतात, आता सर्व काही भ्रमणध्वनीवर मिळते, पुस्तके कोण वाचणार? त्यांनी परीक्षेच्या दिवसांत आपल्या घरात एकवार पाहावे. दोन खोल्यांत सहा माणसे, दूरदर्शनचा आवाज, दारात पाहुणे. भ्रमणध्वनीवर माहिती मिळेल. बसण्यास जागा, डोक्यावर दिवा आणि तीन तासांची शांतता त्यात मिळत नाही. स्पर्धापरीक्षेस बसणारी आपली मुले केवळ अभ्यासिकेसाठी छत्रपती संभाजीनगरास वा पुण्यास खोली घेऊन राहतात. ज्यांना ते परवडत नाही, त्यांचे नाव परीक्षार्थींच्या यादीतच दिसत नाही. मुलींना तर बहुधा परगावी पाठवीतच नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला. तो आनंद खरा असेल, तर मराठी पुस्तकास गावात एक हक्काची जागा द्यावयास नको काय?

दुसरी शंका अशी की, हे सरकारचे काम आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्यान्वये शासन ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून त्यांना अनुदान देते. परंतु मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी जसा स्वतंत्र कर बसविला, तसा कर आपल्या कायद्यात नाही. आपल्याकडची पद्धत अशी की लोकांनी संस्था उभी करावी, चालवून दाखवावी, मग शासन हातभार लावील. त्यातही २०१२ नंतर बरीच वर्षे नव्या ग्रंथालयांस मान्यता देणे थांबलेले होते. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या, १९७२ पासून चालत आलेल्या, साहाय्ययोजना आहेत. त्यांसाठीही यथाकाल अर्ज करू. परंतु अनुदान हे पिकावर पडणारे पावसाचे पाणी समजावे. पेरणी आपली आपणच केली पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, पैसा कसा जमवावयाचा व कसा ठेवावयाचा. आमची सूचना अशी आहे की, जमणाऱ्या प्रत्येक रुपयातील आठ आणे इमारतीस, चार आणे पुस्तके व सामानसुमान यांस, आणि चार आणे कायम निधीस जावेत. कायम निधी बँकेत मुदतठेवीत राहील. त्याचे व्याज तेवढे खर्चावे, मुद्दलास हात लावू नये. इमारत अपुरी राहिली तरी चालेल, एक खोली कमी बांधू. परंतु या चार आण्यांना कोणीही स्पर्श करू नये, असे ठरावातच लिहिले आहे.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा, एकूण वीस लाख रुपये जमले. पैकी दहा लाख इमारतीस, पाच लाख पुस्तकांस व सामानास, पाच लाख कायम निधीस. सहा टक्के दराने त्या पाच लाखांचे व्याज वर्षास तीस हजार. एवढ्याने ग्रंथपालाचे मानधनसुद्धा भागणार नाही. म्हणून दुसरी तरतूद वार्षिक वर्गणीची. दोनशे कुटुंबांनी दररोज एक रुपया बाजूस टाकला, तर वर्षाचे त्र्याहत्तर हजार होतात. दोन्ही मिळून एक लाख तीन हजार. दहा लाखांच्या इमारतीस दर साल एक लाख, म्हणजे कार्नेगींची दहाव्या हिश्श्याची अट आपण पुरी केली. त्यातून दार उघडणाऱ्या माणसाचे मानधन, वीज, वर्तमानपत्रे व थोडी नवी पुस्तके निघतील. देणगी एकदाच देऊन मोकळे होणाऱ्या धनिकाचे आम्ही ऋणी राहू. परंतु रोजचा रुपया देणाऱ्या कुटुंबाचे अधिक ऋणी राहू, कारण ग्रंथालय त्याच्याच जिवावर चालणार आहे.

रोज एक रुपया हसण्यावारी नेऊ नये. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडाने माणशी एक पैसा गोळा करीत १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा केला. कर्मवीरांच्या मुष्टिफंडात आयाबहिणी धान्याची एकेक मूठ बाजूस काढून ठेवीत; त्या मुठींवर वसतिगृहातील मुले जेवली. आपल्या तालुक्यात अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. सहकारी कारखाना म्हणजे शेतकऱ्यांच्या भागांची पुंजी. ज्यांनी ऊस पिकविला त्यांनी भाग घेतले, आणि धुराडे उभे राहिले. ज्या मुलखास हे तंत्र अवगत आहे, त्याला ग्रंथालय अवघड जाऊ नये. सोयीच्या आणखी वाटा आहेत. लग्नकार्यात आहेराऐवजी ग्रंथालयास देणगी द्यावी, वडिलांच्या वर्षश्राद्धास त्यांच्या स्मरणार्थ पुस्तकांचा संच द्यावा, ऊस वा कापूस विकल्यावर पहिली पावती ग्रंथालयाची फाडावी.

पैसा जमविण्याहून त्याचा हिशेब चोख ठेवणे कठीण. म्हणून प्रथम नोंदणी, मग पावतीपुस्तक. संस्थेची रीतसर नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये होईल. ती होण्यापूर्वी देणगी गोळा करावयाची झाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, हे उत्साही तरुणांनी ध्यानी ठेवावे. प्रत्येक पैशाची पावती द्यावी, रोखीपेक्षा बँकेमार्फत देणगीस प्राधान्य असावे, लेखापरीक्षण झालेला हिशेब दर वर्षी याच स्मरणिकेत छापावा. विश्वस्त मंडळात आपल्या ज्ञातीबाहेरील गावकरी व स्त्रिया यांचा समावेश असावा. देणगीदारांची नावे एकाच फलकावर, एकाच आकाराच्या अक्षरांत, आडनावाच्या अनुक्रमाने लिहावीत. रक्कम लिहू नये. आमच्या अनुभवात संस्थेची निम्मी भांडणे कोनशिलेवरील अक्षरांच्या उंचीवरून होतात.

वास्तूविषयी दोनच शब्द. आपण नदीकाठचे लोक आहो. पैठणचा जायकवाडी प्रकल्प १९७६ साली राष्ट्रास अर्पण झाला. तेव्हापासून गोदामाईचे पाणी आपणांस पुष्कळ अंशी धरणाच्या दारांवरून कळते. २००६ च्या ऑगस्टमध्ये ती दारे उघडली, तेव्हा खालच्या गावांनी काय भोगले हे आपण विसरलो नाही. म्हणून जागा उंचावरची असावी, जोते उंच असावे, पुस्तकांची खालची फळी जमिनीपासून हातभर वर असावी आणि वाळवीचा बंदोबस्त पायाभरणीच्या वेळीच व्हावा. दर्शनी कमानीचा खर्च त्यासाठी वाचविता येईल.

चालविण्याच्या बाबतीत आमचा आग्रह एवढाच की, दार ठरल्या वेळी उघडावे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्या सर्वांचे सार असे की पुस्तके वापरासाठी असतात, आणि प्रत्येक वाचकास त्याचे व प्रत्येक पुस्तकास आपला वाचक मिळाला पाहिजे. सकाळी व सायंकाळी अभ्यासिका, दुपारच्या वेळी स्त्रियांसाठी देवघेव, रविवारी मुलांसाठी गोष्टी, इतके झाले तरी पुष्कळ. आणखी एक विनंती आहे. दसरा-दिवाळीनंतर आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीस परमुलखी जातात. मुले बरोबर जातात, शाळा सुटते, अक्षरही सुटते. बडोद्याच्या त्या लाकडी पेटीची आठवण ठेवून, प्रत्येक टोळीबरोबर मुलांच्या पुस्तकांची एक पेटी द्यावी आणि परतल्यावर ती जमा करून घ्यावी. काही पुस्तके हरवतील, काही फाटतील. कपाटात वाळवी लागण्यापेक्षा फडात फाटलेली बरी.

बंधुभगिनींनो, आमचे सांगणे संपत आले. आज सायंकाळच्या ठरावास मान्यता देताना टाळ्या मोजल्या जाणार नाहीत. व्यासपीठाच्या उजव्या हातास एक वही ठेवली आहे. तिच्यात दोन रकाने आहेत: एक एकरकमी देणगीचा, दुसरा दर सालच्या वर्गणीचा. पहिल्या रकान्यात यथाशक्ति आकडा घाला; परंतु दुसरा रकाना कृपा करून कोरा ठेवू नका. आकडा लहान असला तरी हरकत नाही, तो दर वर्षी पाळता येईल असा असावा. आमच्या स्वतःच्या घरातील नावे दोन्ही रकान्यांत आम्ही सकाळीच लिहिली आहेत.

ज्या मुलीस आम्ही रिकाम्या हाती परत पाठविले, ती आता मोठी झाली असेल. बहुधा सासरी गेली असेल. तिची क्षमा मागण्याची संधी आम्हांस मिळेल असे वाटत नाही. परंतु तिच्यासारखी दुसरी मुलगी उद्या या गावी पुस्तक मागावयास येईल, तेव्हा दार उघडे असावे, दारात माणूस असावा आणि तिला तिचे नाव, पत्ता व हवे असलेले पुस्तक यांखेरीज आणखी काही विचारले जाऊ नये. एवढे आपण सर्वांनी मिळून साधले, तर आजचे संमेलन सार्थकी लागले असे आम्ही समजू.